भाषणाला उभं राहिलं की आवाज थरथरतो, पुढचं आठवत नाही: दोष नेमका कुठे आहे ते कसं शोधावं

कनिष्ठ महाविद्यालयात शिकवता शिकवता मी बरीच वर्षं मुलांची वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांची तयारी करून घेते. त्यातून मोठी माणसंही विचारायला येऊ लागली. कुणी बँकेतले अधिकारी, कुणी बचत गटाच्या अध्यक्षा, तर कुणी मुलीच्या लग्नात चार शब्द बोलायचे म्हणून धास्तावलेले वडील. सगळ्यांची तक्रार एकच असते: "मॅडम, माझ्यात आत्मविश्वासच नाही."

हे निदान मी लगेच मान्य करत नाही. आत्मविश्वास कमी पडतो तो बहुतेक वेळा आधी काहीतरी बिघडल्यामुळे. माइक चुकीचा धरलेला असतो, श्वास अपुरा घेतलेला असतो, नाहीतर भाषण तोंडात न बसणाऱ्या भाषेत लिहिलेलं असतं. ते सापडलं की आत्मविश्वासाचा विषय पुष्कळदा आपोआप मागे पडतो. म्हणून सोप्या आणि बिनखर्चाच्या गोष्टींपासून तपासायला सुरुवात करा. वरच्या पायऱ्या सोडून थेट "व्यक्तिमत्त्व विकास" वर्गाची फी भरू नका.

लक्षणं

- नाव पुकारल्यापासून माइकपर्यंत पोचेपर्यंत छाती धडधडते, तळहात ओले होतात.
- सुरुवातीच्या वाक्यांत आवाज कापतो, तोही वाक्याच्या शेवटाकडे जास्त.
- तोंडाला कोरड पडते, जीभ टाळूला चिकटते.
- कागद धरलेला हात थरथरतो.
- घरी सात मिनिटं चाललेलं भाषण स्टेजवर चार मिनिटांत संपतं.
- मध्येच सगळं पुसलं जातं, पुढचं वाक्य आठवत नाही.
- दर वाक्याला "म्हणजे", "तर", "ॲक्च्युअली" येतं.
- मागच्या रांगेतून "आवाज येत नाही" अशी ओरड होते.

यातलं काय होतं याच्याइतकंच ते कधी होतं हेही लिहून काढा. पहिल्या मिनिटापुरतं होतं की शेवटपर्यंत? वाचून दाखवतानाही होतं की फक्त लोकांकडे बघून बोलताना? अनोळखी लोकांसमोरच, की घरच्यांसमोरही? फोनवर बोलतानाही अडखळायला होतं का? घरच्यांसमोरही होत असेल आणि फोनवरही अडखळायला होत असेल तर खालचा "कुठे थांबायचं" हा भाग आधी वाचा.

धडधड होणं हा मुळात दोष नाही. माणसाच्या शरीरात ताण निर्माण करून तो मोजायचा असेल तर शास्त्रज्ञ काय करतात? जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९३ मध्ये यासाठी एक चाचणी मांडली आणि ती आजही जगभर वापरतात. माणसाला परीक्षकांसमोर उभं करायचं, पाच मिनिटं बोलायला लावायचं, मग तोंडी वजाबाक्या करायला लावायच्या. परीक्षकांना चेहरा कोरा ठेवायला सांगितलेलं असतं. एवढ्यावर धडधाकट माणसांच्याही शरीरातलं ताणाचं संप्रेरक वाढतं. आपल्याकडच्या सभांमध्ये श्रोते बहुधा असेच कोरे चेहरे करून बसतात. त्यांना तुमचं बोलणं आवडलेलं नाही असा त्याचा अर्थ लावू नका.

पहिली तपासणी: माइक आणि उभं राहण्याची जागा

कार्यक्रमाच्या आधी दहा मिनिटं जाऊन माइकसमोर उभे राहा. खर्च शून्य, आणि निम्म्या तक्रारी इथेच सुटतात असा माझा अनुभव आहे.

हातात धरायचा माइक तोंडापासून साधारण चार बोटांवर, हनुवटीच्या किंचित खाली, तोंडाकडे तिरका ठेवावा. अगदी ओठांसमोर धरला तर प, फ, ब, भ म्हणताना हवेचा झोत थेट जाळीवर आपटतो आणि "धप्प" असा आवाज येतो. आपली सुरुवातच "बंधू-भगिनींनो" अशी. म्हणजे पहिल्याच शब्दाला दोन दणके बसतात आणि वक्ता तिथेच दचकतो.

शिट्टी वाजण्यामागे दोन नेहमीची कारणं असतात: माइकचं तोंड स्पीकरच्या बॉक्सकडे वळलेलं असतं किंवा जाळी मुठीत झाकलेली असते. नवखा माणूस शिट्टी ऐकली की मागे सरकतो आणि आवाज बारीक करतो. ऑपरेटरला आवाज कमी वाटतो म्हणून तो वाढवतो, मग शिट्टीही वाढते. उपाय उलटा आहे. माइक जवळ आणा, मूठ दांड्यावर खाली घ्या आणि नेहमीच्या आवाजात बोला.

स्टँडचा माइक आधीच्या उंच माणसासाठी लावलेला असेल तर बोलण्याआधी तो खाली करून घ्या, त्यात कसला संकोच? मान वर ताणून किंवा खाली वाकवून बोललं की गळ्याचे स्नायू आवळले जातात आणि आवाज दबतो.

दुसरी: पाणी, चहा, पोट

पाणी सकाळपासून थोडं थोडं पीत राहा. ऐनवेळचा घोट तोंड ओलं करतो, पण तो अन्ननलिकेतून खाली जातो, स्वरयंत्राच्या पडद्यांवर पडत नाही. त्यांना ओलावा मिळतो तो शरीरात पाणी पुरेसं असेल तर, आणि त्याला वेळ लागतो. जेमतेम पाच मिनिटं आधी आयोजक प्रेमाने पुढे करतात तो चहा भाषणानंतर घ्या. आधीच धडधडणाऱ्या छातीला त्याची गरज नसते. उपाशी पोटी उभं राहू नका आणि जेवणावर ताव मारूनही नको. तोंडाला फारच कोरड पडत असेल तर वाट बघताना खडीसाखरेचा खडा चघळा, लाळ सुटते. नाव पुकारण्याआधी तो संपलेला असावा. खाकरून घसा साफ करायची सवय असेल तर ती सोडा. खाकरताना स्वरयंत्राचे पडदे एकमेकांवर जोरात आपटतात. आवंढा गिळला तरी काम होतं.

तिसरी: हातातला कागद

पातळ ए-फोर कागद हाताची बारीकशी थरथर दहापट करून दाखवतो. तो फडफडताना वक्त्याला दिसतो, "सगळ्यांना कळलं" असं वाटतं आणि थरथर वाढते. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याचे पोस्टकार्डाएवढे तुकडे कापा. एका तुकड्यावर एक मुद्दा, ठळक अक्षरात, वर क्रमांक. कोपऱ्यात भोक पाडून दोरा ओवा, म्हणजे खाली पडले तरी क्रम राहतो. मोबाइल बघून बोलणं टाळा. स्क्रीन ऐनवेळी काळी होते आणि बोट नको तिथे लागतं.

पहिल्या कार्डावर अध्यक्ष आणि प्रमुख पाहुण्यांची नावं लिहा. आडनावाचा उच्चार आयोजकांना आधीच विचारून घ्या. व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं घेण्याचं काम सूत्रसंचालकाने केलेलं असतं. तुम्ही ती पुन्हा घ्यायला गेलात तर एखादं राहतं आणि भाषण सुरू होण्याआधीच घाम फुटतो.

चौथी: श्वास

आवाज कापतो तेव्हा मुलं "घाबरलो" म्हणतात. मी त्यांच्या खांद्यांकडे बघते. खांदे वर-खाली होत असतील तर श्वास छातीच्या वरच्या भागातच चाललाय. आवाजाला लागते ती फुप्फुसांतून एकसारखी वर येणारी हवा. ताणात श्वास उथळ आणि जलद होतो, वाक्य संपण्याआधी हवा संपते आणि उरल्यासुरल्या हवेवर स्वर टिकत नाही. म्हणून थरथर वाक्याच्या शेवटी जास्त ऐकू येते. दोष धैर्यात शोधला तर तो सापडणार नाही.

तपासण्यासाठी एक हात छातीवर आणि एक पोटावर ठेवा. श्वास घेताना पोटावरचा हात पुढे यायला हवा. येत नसेल तर पाठीवर झोपून सराव करा, त्या स्थितीत तो सहज जमतो. मग बसून, मग उभं राहून. मनात चार मोजत नाकाने श्वास घ्यायचा आणि सहा मोजत सोडायचा. सोडणं लांबवलं की हृदयाचे ठोकेही थोडे मंदावतात. खुर्चीत बसून वाट बघताना हे करत राहा, शेजारच्यालाही कळत नाही.

माइकपाशी पोचल्यावर बहुतेक जण मोठा श्वास भरून घेतात. ते करू नका. आधी श्वास पूर्ण सोडा, मग जेवढा सहज आत येईल तेवढाच घ्या, आणि बोला. ठासून भरलेल्या श्वासाने छाती ताठरते आणि पहिला शब्द ओरडल्यासारखा बाहेर पडतो.

आणखी एक फुकटची गोष्ट. स्वतःला "शांत हो, शांत हो" असं बजावत बसू नका. हार्वर्डमधल्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमध्ये, बोलण्याआधी "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मला उत्साह वाटतोय" म्हणणाऱ्यांची भाषणं सरस ठरली. कारण पटण्यासारखं आहे. धडधड भीतीतही होते आणि उत्साहातही. तिला थांबवण्यापेक्षा तिचं नाव बदलणं सोपं जातं.

पाचवी: भाषण कोणत्या भाषेत लिहिलंय

सगळ्यात जास्त दोष मला इथे सापडतो आणि सगळ्यात कमी लोक इथे शोधतात.

एका ताईंनी ग्रामसभेत बोलण्यासाठी लिहून आणलेलं वाक्य असं होतं: "सदर योजनेच्या अंमलबजावणीमध्ये निर्माण होणाऱ्या अडचणींचा विचार करता पाणीपुरवठ्याच्या नियोजनामध्ये आमूलाग्र बदल होणे ही काळाची गरज आहे असे मला या ठिकाणी नमूद करावेसे वाटते." वाचताना त्या तीनदा अडकल्या. मी कागद बाजूला ठेवायला सांगितला आणि विचारलं, "ताई, नेमकं झालंय काय?" त्या ताडकन म्हणाल्या, "टाकी भरलेली असते. तरी वरच्या आळीला पाणी चढत नाही, कारण मोठा पाइप दोन ठिकाणी गळतो. तो आधी बदला, मग नवीन टाकीचं बघू." आवाज खणखणीत, एकही अडखळण नाही. त्यांचं भाषण हेच होतं. आम्ही ते तसंच्या तसं उतरवून घेतलं.

मराठीत क्रियापद शेवटी येतं. वाक्य लांबलं की बोलणाऱ्याला कर्ता, लिंग, वचन हे सगळं मनात धरून शेवटपर्यंत पोचावं लागतं, तेही एका श्वासात. वाचताना डोळा मागे जाऊ शकतो, बोलताना ती सोय नाही. ऐकणाऱ्यालाही क्रियापद येईपर्यंत काही ठरवता येत नाही. म्हणून भाषणातलं वाक्य आठ-दहा शब्दांच्या पुढे जायला लागलं की तोडा. "सदर", "अनुषंगाने", "या ठिकाणी", "नमूद करू इच्छितो" हे शब्द दिसले की खोडा. "मी आपल्यासमोर दोन शब्द मांडणार आहे, ते आपण शांत चित्ताने ऐकावेत" हेही. शाळेपासून पाठ असलेलं हे वाक्य कुणीही ऐकत नाही आणि त्यात तुमचा पहिला श्वास फुकट जातो.

भाषण लिहायचंच असेल तर आधी मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करा आणि मग तेच लिहून काढा.

बोलीबद्दलही सांगायला हवं. खानदेशातून, विदर्भातून, कोकणातून आलेली कितीतरी मुलं "न" आणि "ण" सांभाळण्यातच अर्धी शक्ती घालवतात. पहारा उच्चारांवर बसला की विचार निसटतो. आपल्या घरच्या सुरात बोला. स्पर्धेच्या परीक्षकांनी त्यासाठी गुण कापले तर तो दोष परीक्षणाचा आहे, मुलांचा नाही, आणि हे मी परीक्षकांच्या टेबलावर बसूनही सांगते.

सहावी: पाठांतर

शब्दन् शब्द पाठ केलेल्या भाषणात प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याच्या आधाराने आठवतं. मधलं एक निसटलं की पुढचं सगळं जातं. भीतीचं ओझं असताना मनाला एका वेळी थोडंच धरता येतं, त्यामुळे हे निसटणं स्टेजवरच घडतं, घरी नाही.

सुरुवातीची तीन-चार वाक्यं आणि शेवटची दोन पक्की पाठ करा. मधल्या भागाचे पाच मुद्दे कार्डावर ठेवा आणि दर सरावात ते वेगळ्या शब्दांत बोला. सुरुवातच पाठ का? कारण ताण पहिल्या मिनिटात सगळ्यात जास्त असतो आणि पुढे बहुतेकांचा उतरत जातो. तेवढं मिनिट पाठांतराने पार पडलं की जमीन मिळते.

तरीही कोरं पडलात तर नुकतंच बोललेलं वाक्य सावकाश पुन्हा म्हणा, कार्ड बघा, पुढच्या मुद्द्यावर जा. माफी मागू नका. तुमच्या कागदावर काय होतं हे श्रोत्यांना माहीत नसतं. तुमची भीतीही त्यांना तुम्हाला वाटते तेवढी दिसत नाही. केनेथ सवित्स्की आणि थॉमस गिलोविच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये हे प्रयोगातून दाखवलं. ज्यांना ही गोष्ट बोलण्याआधी समजावून सांगितली होती, त्यांची भाषणंही जास्त चांगली झाली. म्हणून मी प्रत्येक मुलाला स्टेजवर पाठवण्याआधी हे मुद्दाम सांगते.

सातवी: सराव कसा करता

मनातल्या मनात केलेला सराव भाषणाला पुरत नाही. उभं राहून, मोठ्याने, हातात तीच कार्डं घेऊन करा. फोनवर आवाज रेकॉर्ड करा आणि एका वेळी एकच गोष्ट ऐका: आज वेग, उद्या वाक्यांचे शेवट, परवा "म्हणजे" आणि "तर". सगळं एकदम ऐकलं की नुसती निराशा येते. वेगासाठी एका मिनिटातले शब्द मोजा. मराठीत शंभर ते एकशेवीस शब्द कानाला आरामात झेपतात असं मला दिसलंय. दीडशेच्या वर जात असाल तर मुद्दा संपल्यावर थांबायची सवय लावा. तिथेच "म्हणजे" शिरतो, त्याच जागी तोंड मिटून श्वास घ्या. वक्त्याला फार लांब वाटणारा तो थांबा श्रोत्याला जेमतेम जाणवतो.

पुण्यात असाल तर न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेला एखाद्या संध्याकाळी जा. विषयाकडे थोडं दुर्लक्ष करून वक्ता श्वास कुठे घेतो, टिपण कधी बघतो एवढंच पाहा.

आठवी, आणि सगळ्यात अवघड: लोकांसमोर उभं राहणं

वरचं सगळं तपासून झालं तरी भीती उरते ती सवय नसल्याने. ती पायरी-पायरीने घालवावी लागते, आणि इथे महिने जातात. आधी घरातली दोन माणसं. मग हळदीकुंकवाला किंवा सोसायटीच्या सभेत एक प्रश्न विचारणं. मग गणेशोत्सव मंडळात आभारप्रदर्शन: ते छोटं असतं, यादी हातात असते, लोक घरी जायच्या तयारीत असतात. मग निरोप समारंभात दोन मिनिटं. एकेक पायरी कंटाळा येईपर्यंत करा आणि मगच पुढच्या पायरीवर जा. थेट पाचशे माणसांसमोर उभं राहून भीती मोडायला गेलं तर ती अनेकदा पक्की होते.

लंडनहून १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन परतलेले गांधीजी मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्या खटल्यात साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला उभे राहिले आणि त्यांना एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि तीस रुपयांची फी परत केली. पुढे १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांसमोर ते बोलले, ते त्यांचं पहिलं जाहीर भाषण. श्रोते आपल्यातले, विषय व्यापारातल्या सचोटीचा म्हणजे मनापासूनचा, आणि तयारी करून गेलेले. पहिली पायरी निवडताना या तीन गोष्टी बघा.

नियमित जागा हवी असेल तर एकत्र जमून भाषणाचा सराव करणारे टोस्टमास्टर्सचे क्लब पुण्या-मुंबईत आहेत. ही संस्था १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली. तिथे वेळ मोजली जाते, अडखळशब्द मोजले जातात, आणि पाहुणा म्हणून आधी बघायला जाता येतं.

कुठे थांबायचं

पुढीलपैकी काहीही असेल तर सराव वाढवू नका, तज्ज्ञाकडे जा.

आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, बोलताना दुखत असेल किंवा आवाज मध्येच फुटत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ. शिक्षक, कीर्तनकार, विक्रेते यांनी तर अजिबात थांबू नये. स्वरयंत्रावर गाठी आलेल्या असताना केलेला सराव नुकसान वाढवतो.

एकाच अक्षरावर अडकणं, शब्दाचा पहिला भाग पुन्हा पुन्हा येणं, तेही घरी आणि फोनवर, हे तोतरेपण असू शकतं. ते भित्रेपणामुळे येत नाही आणि दटावून जात नाही. तोतरं बोलणारी अनेक माणसं गाताना किंवा सगळ्यांबरोबर म्हणताना अजिबात अडखळत नाहीत. त्यांना वाचा उपचार तज्ज्ञ लागतो. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे.

भाषणाच्या विचाराने आठवडेच्या आठवडे झोप उडत असेल, बोलावं लागेल म्हणून नोकरी, बढती किंवा तोंडी परीक्षा टाळली जात असेल, चार माणसांत जेवायलाही नको वाटत असेल, तर मानसोपचार तज्ज्ञ किंवा चिकित्सक मानसशास्त्रज्ञ गाठा. यावर चांगले उपचार आहेत. सुरुवात कुठून करावी कळत नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, आणि मराठीत बोलता येतं.

धडधड कमी करणारी गोळी मित्राकडून घेऊन खाऊ नका. प्रोप्रॅनोलॉलसारखं औषध दमा असलेल्याला जिवावर बेतू शकतं. ते द्यायचं की नाही हे डॉक्टरच ठरवतील.

आणि चालताना, जिना चढतानाही छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर त्याला भाषणाच्या भीतीशी जोडू नका, आधी फिजिशियनला दाखवा.

जाताना सुरुवातीला लिहिलेली लक्षणांची यादी आणि फोनवरचं एखादं रेकॉर्डिंग सोबत न्या. तज्ज्ञासमोर ते लक्षण दिसेलच असं नाही, आणि रेकॉर्डिंग ऐकवलं की तुम्हाला शब्दांत सांगत बसावं लागत नाही.